हात दिसंना

लग्नघरी मी केलेल्या चित्रणाचा पेनड्राइव्ह दिला, चहा घेतला आणि गाडीला किक मारायच्या आधी मनात आलं, आबांकडेही जाऊन यावं. मांजरेच्या काठचं, कळंब तालुक्यातलं हे गाव. आबांचं घर पार खालच्या अंगाला, जिथं वस्ती संपते आणि नुकत्या उगवलेल्या सोयाबीनची रानं सुरू होतात. आबा या पट्ट्यातले जुने गोंधळी. त्या लग्नानंतरच्या गोंधळात संबळ त्यांचा होता. चार तासांच्या चित्रणातला साडेतीन मिनिटांचा एक तुकडा मी दीड महिना फोनमध्ये घेऊन फिरत होतो, रात्री झोपायच्या आधी पुन्हा पुन्हा बघत होतो. तो त्यांना दाखवायची घाई त्यांच्यापेक्षा मलाच जास्त होती.

आबा ओट्यावर बाजेवर बसले होते, शेजारी तेरा-चौदा वर्षांचा नातू. मी फोन त्यांच्या हातात दिला. उन्हाच्या तिरपीमुळे काही दिसेना, तेव्हा नातवानं खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या डोक्यावर ओढून घेतला. टॉवेलाच्या त्या अंधारात आजा-नातवाची डोकी एकमेकांना टेकलेली आणि आतून संबळाचा आवाज बाहेर येतोय. मी ओट्याच्या पायरीवर बसून वाट बघत होतो. तुकडा संपला. कुणी काही बोललं नाही. पुन्हा सुरू झाला, पुन्हा संपला. मग आबांनी टॉवेल बाजूला केला, डोळे चोळले आणि म्हणाले, "तोंडच दाखवायलास की रं लेकरा सारकं. वाजवतंय कोण, तोंड का हात? माजा हात दिसंना कुटं." नातू हळूच म्हणाला, "हात हाय आबा, पर धुरकट हाय."

धुरकट.

आबा रागानं बोलले नव्हते. चहाला बसवलं, शेंगदाणे पुढं केले. पण कळंबजवळ मांजरेचा पूल ओलांडताना, पुढं अंबाजोगाईच्या रस्त्यावर, आणि घरी येऊन अंगावर पाणी घेतानाही तो शब्द कानात राहिला. कारण तो खरा होता. त्या साडेतीन मिनिटांत आबांचा चेहरा असा उमटलाय की तसा चेहरा मी आजवर टिपलेला नाही. वर उचललेली हनुवटी, मिटलेले डोळे, घामाच्या थेंबात हललेली दिवटी, कपाळावरच्या हळदीची भेग न् भेग. आणि खाली, कमरेशी, जिथं हे सगळं घडत होतं, तिथं दोन तांबूस ढग. एक इकडे, एक तिकडे, हलतायत. ते हात.

त्या रात्रीचं सांगायला हवं. अंगणात चौक भरला होता. पाटावर नवं कापड, त्यावर गव्हाची रास, कळस, विड्याची पानं, वर ज्वारीच्या पाच धाटांचा मांडव. नवरा-नवरी समोर, त्यांच्या मागं बायका, भिंतीला टेकून म्हातारी माणसं, आणि कडेला अंधारात पेंगणारी पोरं. गोंधळी चौघं. आबांचा पुतण्या पुढं उभा राहून देवांना बोलवणार, एक तुणतुण्यावर, एकाच्या हातात दिवटी, आणि आबा. मांडवाला एलईडीच्या माळा लावल्या होत्या, निळ्या-जांभळ्या, आणि कॅमेऱ्यात त्यांचे आडवे पट्टे सरकताना दिसत होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. शटर, म्हणजे एका चित्रासाठी उजेड आत घ्यायचा वेळ, सेकंदाच्या १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की ते बहुतेक सांभाळून घेता येतं. पण या माळांची लुकलुक वेगळीच होती, ती कशानंच थांबेना. मी नवरदेवाच्या चुलत्यांना म्हटलं, काका, गोंधळापुरत्या माळा बंद करता का? माझा लाईटसुद्धा मी लावणार नाही. ते क्षणभर बघत राहिले. शूटिंगवाला स्वतःच लाईट नको म्हणतोय, हे त्यांना नवीन होतं. मग त्यांनी पोराला सांगून बटण पाडलं.

आणि अंगण एकदम जुनं झालं.

दोन दिवट्या आणि चौकातली समई, एवढाच उजेड. डोळ्याला तो पुरतो, पाच मिनिटांत डोळा सरावतो. कॅमेऱ्याला सराव नसतो. जेवढा उजेड काचेतून आत येईल तेवढाच त्याचा. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली झूम लेन्स लांब केली की एफ ५.६ वर येते, आणि एफचा आकडा जितका मोठा तितकी उजेडाची वाट अरुंद. तिच्यातून मला फक्त दोन ज्योती आणि काळं अंगण दिसत होतं. म्हणून बॅगेतून जुनी ५० मिलिमीटरची निकॉन काढली, एफ १.४ ची. हिशेब साधा आहे, ही लेन्स त्या झूमच्या सोळापट उजेड आत घेते. काळ्या अंगणातून हळूहळू माणसं वर आली. आधी कपाळं, मग नाकं, मग बायकांच्या नथी आणि हातातल्या काचेच्या बांगड्या. दिवटीतल्या तेलाचा वास येत होता. पूर्वी करडईचं तेल घालायचे, त्याचा वास वेगळा, जड असायचा. आता सोयाबीनचं. बुधलीतून तेल सोडलं की ज्योत फुरफुरून हातभर वर जायची आणि माझ्या पडद्यावर आख्खं अंगण श्वास घेतल्यासारखं उजळून पुन्हा बसायचं. "आई राजा उदो उदो" झालं, आबांनी संबळावर पहिली काडी टाकली आणि माझ्या अंगावर काटा आला. आता लिहितानाही येतोय.

ती लेन्स मला भाऊंनी दिली. भाऊ म्हणजे ज्यांच्या स्टुडिओत मी २००५ साली लाईट धरायला लागलो ते. दहावीची सुट्टी होती, दिवसाचे साठ रुपये आणि लग्नातलं जेवण. सनगन नावाचा तो लाईट ज्यानं धरलाय त्यालाच कळेल. हजार वॉटचा हॅलोजन, पत्र्याच्या डब्यात, मुठीला गुंडाळलेली सुतळी, मागं ओढत नेलेली वायर, आणि तासाभरात मनगटापर्यंत येणारी धग. भारनियमनाचे दिवस, म्हणून मांडवामागं जनरेटर थडथडायचा. भाऊंच्या हातात सोनीचा पीडी १७०. त्या काळी तालुक्याच्या गावी तो कॅमेरा असणं म्हणजे मोठी गोष्ट होती. भाऊ नुसता डावा हात हलवायचे आणि मी तिकडे उजेड वळवायचो. उजेड पडला की माणूस ताठ व्हायचा, डोळे बारीक करायचा, पदर सावरायचा. आमच्या भागातल्या त्या वर्षांतल्या कुठल्याही लग्नाची सीडी लावून बघा, सगळ्यांचे डोळे तसेच मिटमिटलेले दिसतील. आख्ख्या पिढीचे चेहरे मी असे आंबट करून ठेवले.

गोंधळात तर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दिवटीवर हजार वॉट पडले की दिवटी उरतच नाही. ज्योतीचा नुसता फिकट पापुद्रा दिसतो, तेल जळतंय हे वासावरूनच कळायचं. लाईटावर किडे यायचे, ते चौकातल्या गव्हावर पडायचे. एकदा एका म्हाताऱ्या गोंधळ्यानं आख्यान अर्ध्यावर थांबवून हात जोडले आणि म्हणाले, "मालक, तेवढं ते बंद करा, आईला वाट गावंना." भाऊ शांतपणे म्हणाले, "बंद करतो बाबा, पण मग कॅसेट काळी येईल आणि हे लोक माझे पैसे देणार नाहीत." दोघांचंही खरं होतं. लाईट चालू राहिला आणि तो माझ्या हातात होता. पुढं कधी स्वतःचा कॅमेरा घेतला तर गोंधळ दिवटीतच धरायचा, हे मी तेव्हा ठरवलं. कुणाला सांगितलं नाही.

भाऊंची लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर बसते ती ॲडॉप्टरमुळे, म्हणजे दोघांच्या मधल्या जोडामुळे. तो शब्द पहिल्यांदा ऐकला तो पुढं तीन-चार वर्षांनी, औरंगाबादच्या एका लग्नात. तेव्हा ते औरंगाबादच होतं. पुण्याहून आलेल्या एका टीमनं हँडीकॅमच्या तोंडावर वीतभर लांब नळकांडं बसवलं होतं आणि त्याच्या पुढं फोटोची लेन्स. त्या नळकांड्यात दुधी काच असायची. पुढची लेन्स त्या काचेवर चित्र पाडायची आणि मागचा कॅमेरा त्या काचेचं चित्रण करायचा. अशानं मागची गर्दी विरघळायची आणि चेहरा तेवढा उठून यायचा, सिनेमासारखा. छोट्या पडद्यावर चित्र उलटं दिसत होतं, पाय वर, डोकं खाली, आणि तो माणूस त्याच उलट्या चित्रात माणसं शोधून फोकस करत होता. मी हातातला लाईट विसरून त्याच्याकडे बघत राहिलो. पण संध्याकाळी वरात निघाली तेव्हा त्यानं ते नळकांडं काढून बॅगेत टाकलं. दुधी काच उजेड खाते, आणि कमी उजेडात काचेचे कणच चित्रावर दिसायला लागतात. ज्या वेळेला त्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच वेळेला ते निकामी. २००८ मध्ये फोटोच्या कॅमेऱ्यातच व्हिडिओ आला आणि बघता बघता ती नळकांडी बाजारातून गेली.

माझ्याकडचा ॲडॉप्टर त्याच्या अगदी उलट, आतून रिकामा. निकॉनच्या जुन्या लेन्सला मागच्या कड्यापासून फिल्मपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर लागतं. मध्ये आरसा हलायचा, त्याला जागा हवी. माझ्या कॅमेऱ्यात आरसाच नाही, तिथं हे अंतर १८ मिलिमीटर. उरलेले २८.५ मिलिमीटर भरून काढायचे, एवढंच त्या धातूच्या कड्याचं काम. काच नाही, तार नाही, त्यामुळे उजेड खात नाही. पण कॅमेऱ्याला लेन्स लागलीय हेसुद्धा कळत नाही. मेनूत जाऊन 'लेन्स नसली तरी चालू राहा' असं त्याला सांगावं लागतं. फोकस हातानं, एफ हातानं. लेन्स जणू माझ्याशीच जोडलेली, कॅमेऱ्याशी नाही, आणि मला ते आवडतं. भाऊंनी स्टुडिओ बंद केला त्या दिवशी कपाटातून निकॉनचा जुना फिल्मचा कॅमेरा, एफएम २, काढला, लेन्स वेगळी करून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "बॉडी राहू दे मला, बघायला. काच तू वापर." त्या काचेतून त्यांनी अंबाजोगाईची निम्मी लग्नं आणि शाळेतली कितीतरी वर्षांची ग्रुप फोटोंची पोरं टिपली होती. मी ती पहिल्यांदा लावली तेव्हा रबराच्या खाचांत त्यांच्या बोटांची झीज हाताला लागली.

स्वस्तातल्या कड्याचे त्रासही भोगलेत. कडं जराशा ढिल्या मापाचं होतं. फोकस फिरवला की लेन्स आधी केसभर डुलायची आणि मग फिरायची, पडद्यावर चित्र टचकन उडी मारायचं. कड्याच्या आत पितळी पाकळ्या असतात, त्या घड्याळजीच्या पेचकसानं हलकेच बाहेर रेटल्या तेव्हा ते घट्ट बसलं. आतला भाग चकचकीत होता, त्यामुळे ज्योत समोर आली की चित्रावर पांढुरकी साय यायची. तिथं काळं मखमली कापड चिकटवलं. कडं मापापेक्षा किंचित पातळ, म्हणून लेन्सवरचे मीटरचे आकडेही खोटे ठरले. तीन मीटरवरचा माणूस तीनच्या आकड्यावर सापडत नाही. मग घराच्या गच्चीवर टेप लावून अंतरं मोजली आणि लेन्सला पांढऱ्या पट्टीवर माझ्या खुणा केल्या. अंधारात डोळ्यांपेक्षा त्या खुणांवर माझा जास्त भरवसा आहे. कमी उजेडात पडद्यावरच्या रंगीत कडा, ज्या फोकस दाखवतात, त्या कधी नाकावर चमकतात, कधी मागच्या भिंतीवरच्या पोपड्यावर.

आता मूळ प्रश्न. एफ १.४ वर, तीन मीटरवरून, या लेन्समध्ये नीट दिसणारा पट्टा जेमतेम वीतभर जाडीचा असतो. त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं सगळं विरघळतं. आबांचा संबळ कमरेला बांधलेला, पोटापासून पुढं आलेला. गाण्याच्या वेळी ते मान मागं टाकतात. म्हणजे डोळे आणि हात यांच्यात सहज हातभर अंतर पडतं. वीतभर जागेत दोन्ही मावणार नव्हते, एक निवडायला हवं होतं. आणि मी चेहरा निवडला, विचार न करता. आम्हाला सवयच तशी लागली आहे. माणूस म्हणजे चेहरा, चेहरा म्हणजे डोळे, डोळ्यावर फोकस पडला की बाकी कसंही असू दे. लोक ते बघून म्हणतात, व्वा, सिनेमासारखं! त्या शब्दासाठी मी काय काय धुरकट केलं असेल, हे त्या दिवसापर्यंत मी मोजलं नव्हतं. भाकरी थापणाऱ्या आजीच्या चेहऱ्यावर फोकस, तिच्या तळव्याखाली फिरणारी भाकरी धुक्यात. मेंदी काढणाऱ्या पोरीचे डोळे धारदार, आणि मेंदी? तीही धुक्यात.

काही करता आलं असतं का? एफ २.८ केला असता तर पट्टा दुप्पट जाड झाला असता, दोन वीत, म्हणजे हात बहुधा आत आले असते. पण उजेड चौथाई. मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद, ३२०० वरून १२८०० वर न्यावा लागला असता, आणि माझ्या कॅमेऱ्यात त्या आकड्यावर अंधार मुंग्या लागल्यासारखा वळवळतो. दिवटीचा उजेड तांबडा, त्यात निळा रंग जवळजवळ नसतोच, त्यामुळे निळ्याच्या वाटेनं ती वळवळ जास्तच वर येते. शटर निम्मं हळू केलं असतं तर उजेड दुप्पट मिळाला असता, पण संबळाच्या काडीची आधीच १/५० वर पंख्यासारखी झुळूक होते. ती आणखी पसरली असती, मग हात फोकसमध्ये असून काय उपयोग. एक मित्र काचेचा ॲडॉप्टर वापरतो, उजेड गोळा करून लहान चौकटीत ओतणारा. ०.७१ पट लहान चित्र, आणि एक पूर्ण स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड. त्यानं कदाचित निभावलं असतं. माझ्याकडे तो नव्हता. आणि सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे मी समोर उभं न राहता आबांच्या बाजूला गेलो असतो, तर चेहरा आणि हात माझ्यापासून सारख्याच अंतरावर आले असते. फक्त जवळच्या हातानं पलीकडचा झाकला असता. संबळात दोन भांडी, एक बारीक आवाजाचं, एक घुमणारं. दोन्ही हातांचं काम वेगळं. एक हात झाकला म्हणजे निम्मा संबळ गेला.

हे सगळं रात्री दोनला कागदावर मांडत बसलो होतो, आणि मग एकदम लक्षात आलं की भाऊंच्या पीडी १७० मध्ये हात दिसायचे! त्यात उजेड टिपणाऱ्या तीन चिप, प्रत्येकी इंचाच्या तिसऱ्या हिश्शाची. इतक्या लहान चिपवर सगळंच फोकसमध्ये येतं. नवरी, तिच्या मागची मावशी, मावशीमागची भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर. त्याच सपाट, पांढऱ्याफटक चित्रणाचा मला तिटकारा होता. पण त्यात आबांचा हात असणार, पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा, मनगट अजून भरात असतानाचा.

दुसऱ्या दिवशी भाऊंकडे गेलो. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत मिनीडीव्हीच्या कॅसेटी होत्या, साठ-सत्तर. एका कॅसेटीत एक तास मावतो, लग्नाला चार लागायच्या. भाऊ म्हणाले, "बघ, पण सांगतो, काही सापडायचं नाही. सीडी करून दिली की कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला वापरायचो. त्या काळी कॅसेटचा खर्च केवढा होता." आम्ही तीन दिवस जुना कॅमेरा टीव्हीला लावून एकेक कॅसेट फिरवली. बहुतेकांवर शेवटचं लग्न होतं. पण नवं चित्रण कॅसेट संपायच्या आधी थांबलेलं असलं की पुढं जुन्याचं शेपूट शिल्लक राहतं. निळा पडदा येतो, खरखर होते, आणि मग आधीच्या कुठल्यातरी लग्नातली माणसं मध्येच एखाद्या वाक्यातून बाहेर येतात. अशाच एका शेपटात संबळ ऐकू आला. मी भाऊंचा हात धरला. हात तोच, मला ती चाल आता पाठ होती. सतरा सेकंद. चित्रात जेवणाच्या पंगतीला बसलेले पाहुणे, पांढऱ्या टोप्या, कुणीतरी वाढपी जिलबी वाढतोय, आणि सगळ्यांचे डोळे उजेडानं बारीक झालेले. तो उजेड माझ्या हातातला. भाऊंचा डावा हात तिकडे हलला असणार आणि मी तिकडे वळलो असणार. संबळ मागं, उजेडाबाहेर. भाऊ बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाहुणे घ्यायला लागायचे रे. नाही घेतले की रुसायचे."

सतरा सेकंद आम्ही सात-आठ वेळा ऐकले.

आठवड्यानं पुन्हा आबांकडे गेलो. म्हटलं, आबा, दिवसा धरू हात. अंगणातल्या लिंबाच्या सावलीच्या कडेला त्यांना बसवलं. एफ ८, उजेडाची ददात नाही. एक कॅमेरा वरून, बाजेवर उभा राहून, आणि नातवाचा फोन बाजूनं, विटेला टेकवून. आबांनी संबळ उन्हात ठेवून कातडं तापवून घेतलं, बोटानं टिचकी मारून ऐकलं, पुन्हा ठेवलं. मी कवड्यांची माळ घालायला सांगितली तर मान हलवून म्हणाले, "माळ गोंधळाला." मग वाजवलं. काडी कशी धरली, अंगठा कुठं टेकला, मनगट कुठं मोडलं, करंगळी कशी मोकळी राहिली, नखातली माती, डाव्या हातावरचा विळ्याचा जुना वण, सगळं लख्ख. पंधरा मिनिटं मी श्वास धरून होतो. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून क्वचित झालंय.

आबांनी ते बघितलं, या वेळी टॉवेलाशिवाय, आतल्या खोलीत बसून. दोनदा बघितलं. मी विचारलं, आता दिसतो का हात? म्हणाले, "दिसतो की. हात माजाच हाय. पर हे वाजवणं न्हाई." थोडं थांबून म्हणाले, "रातच्याला दिवटी पेटली, आईचं नाव घेतलं, म्होरं येकादी बाई झुलाय लागली की हात आपला आपण पडतो. हितं मीच त्याला पाडायलाव." त्यात तक्रार नव्हती. हवा कशी आहे हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मी कान देऊन दोन्ही ऐकले. त्यांचं म्हणणं ऐकू येत होतं. रात्रीच्या तुकड्यात बारीक भांड्यावरची काडी घुमणाऱ्या भांड्याच्या किंचित आधी पडते, पुढं रेटत नेते, आणि साडेतीन मिनिटांत लय कधी चढली ते कळतही नाही. दिवसाच्या तुकड्यात दोन्ही हात आपापल्या जागी पडतात, नेमके, आणि लय जिथं सुरू झाली तिथंच संपते.

म्हणजे माझ्याकडे आता दोन गोष्टी होत्या. एकात वाजवणं होतं आणि हात नव्हता, दुसऱ्यात हात होता आणि वाजवणं नव्हतं. दोन्ही नातवाच्या फोनवर टाकल्या आणि परत आलो. मन भरलं नव्हतं. रस्त्यात येरमाळ्याच्या बाजूनं पावसाचं आभाळ येत होतं आणि मी तेवढंच बघत गाडी चालवत राहिलो.

मध्ये श्रावण गेला, गणपती गेले. नवरात्राच्या आधी तुळजापूरला एका कामासाठी चाललो होतो, वाट वाकडी करून आबांकडे थांबलो. येत्या गोंधळाला पाटलांच्या वाड्यात एक दिवटी जास्त लावायला पुतण्या तयार आहे का, हे विचारायचं होतं. तिसरी दिवटी मिळाली तर एफ १.४ च्या थोडं पुढं जाता येईल, आणि मी कोपऱ्यात जरा तिरका उभा राहिलो तर दोन्ही हात मिळतील, असं मी घरी दोन मेणबत्त्या आणि उलटी घागर मांडून बघितलं होतं. ओट्यावर नातू एकटाच होता. त्याच्यासमोर दोन फोन, एक त्याचा, एक आईचा, तांब्याला टेकवून उभे केलेले. त्याच्या फोनवर दिवसाचा हात, आवाज बंद करून. आईच्या फोनवर रात्रीचा संबळ, पडदा पलीकडे वळवून, नुसता आवाज. पुढ्यात उलटा घातलेला तेलाचा डबा आणि एक पातेलं, हातात निरगुडीच्या दोन काड्या.

मी काही बोललो नाही, पायरीवर बसलो. त्यानं मला बघितलं, मान हलवली आणि चालू ठेवलं. हात आणि आवाज जुळत नव्हते. जुळणारच नव्हते, रात्रीची लय चढत जायची आणि दिवसाचा हात मागं राहायचा. मग त्यानं दिवसाच्या चित्राचा वेग वाढवला, सव्वापट. काही क्षण दोन्ही एकत्र चालले, आबांचे दिवसाचे हात आणि आबांचा रात्रीचा आवाज, आणि पोराच्या काड्या त्यांच्यामागं. मग पुन्हा सुटले. त्यानं दोन्ही मागं नेले, ओठ घट्ट मिटले, पुन्हा सुरू केलं. चौथ्या की पाचव्या वेळेला आतून, अंधाऱ्या खोलीतून आबांचा आवाज आला. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, त्यांना यातलं काहीच दिसत नव्हतं.

"डावा उशिरा पडायलाय."

पोरानं फोनवरची नजर काढली नाही. डावा हात जरासा आधी आणला. आबा पुढं काही बोलले नाहीत.